ऊन मोजून वापरायचं: कोकणातल्या घरचे मार्च ते मे

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की ठाण्याची नोकरी सोडून कुडाळच्या बाजूला आजोबांच्या घरी राहायला यायचं ठरतंय. तुम्ही दोघं, आई आणि दोन मुलं, जागा दीड एकर, त्यातला निम्मा भाताचा मळा, बाकी भरड म्हणजे उंचावरची कोरडी जमीन, विहीर आहे, माड आहेत, आंबा-फणस-रतांब्याची (म्हणजे कोकमाची) जुनी झाडं आहेत. शेती पावसात असते तर उन्हाळ्यात वेळच वेळ असणार, तेव्हा काही जोडधंदा करता येईल का, घरचं किती निघेल आणि विकत किती आणावं लागेल, आणि शेवटी, डीप फ्रीझर घेऊ का. मी लग्न होऊन आले तेव्हापासून सिंधुदुर्गातच आहे, घरात सासूबाई, आमचे हे, दीर-जाऊ, पोरं, दोन गायी, आणि आमचं बरंचसं घरच्यावरच भागतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पहिलं म्हणजे उन्हाळ्यात वेळ असतो हे डोक्यातून काढून टाका. पावसात लावणीचे दिवस सोडले तर माणूस बऱ्यापैकी घरातच अडकलेला असतो, खरी पळापळ मार्च ते मे. भात तेवढं पावसात पिकतं, पण आमसुलं, खोबरेल, पापड, साठं (आंब्याची पोळी), मसाला, सुकी मासळी, लाकूडफाटा, बियाणं, घरावरचं छप्पर, हे सगळं ह्या तीन महिन्यांत उरकायचं असतं आणि त्यातलं जवळजवळ प्रत्येक काम उन्हावर चालतं. नवीन येणारी माणसं जमीन पुरेल का म्हणून घाबरतात. जमीन पुरते हो. पुरत नाही ते ऊन, आणि ऊन असेल तेव्हा हात. कारण आंबा, फणस, रतांबे सगळं एकाच वेळी पिकून धबाधबा पडायला लागतं, खळं तेवढंच, सुपं तेवढीच, माणसं तेवढीच. म्हणून घरचं ऊन कशाला द्यायचं आणि कशाला नाही हे मार्चमध्येच ठरवायचं, मी तर म्हणेन पहिल्या वर्षी निम्म्या गोष्टी करूच नका.

आणि उन्हाचा हिशोब 7 जूनपर्यंत धरू नका. पूर्वीची माणसं मृग धरून चालायची, ते आता उपयोगाचं नाही. 2021 ला तौक्ते वादळ 16 मेच्या आसपास आलं, ऐन हंगामात, झाडावरचा आंबा खाली आणि वाळत घातलेलं सगळं ओलं. 2025 ला तर मान्सूनच 25 मेला देवगडपर्यंत येऊन पोचला आणि त्याच्या आधीचे चार दिवससुद्धा पावसाचेच गेले, ज्यांनी पापड, खोबरं, आमसुलं मे अखेरीवर ठेवली होती त्यांचं काय झालं विचारू नका. आमच्याकडे आता नियमच आहे, ज्याला कडक ऊन लागतं ते 15 मेच्या आत डब्यात गेलं पाहिजे, त्यानंतर जे ऊन मिळेल ते वरकड.

क्रम कसा लावायचा ते सांगते. फेब्रुवारी-मार्चमध्ये कुळीथ, चवळी, वाल निघतात, मळ्यात भात कापल्यावर जी ओल राहते तिच्यावर पेरलेले. तुमच्याकडे पाणी असेल तर वायंगण, म्हणजे उन्हाळी भात पण होईल पण पहिल्या वर्षी कडधान्यच पेरा, पाणी घालावं लागत नाही, खत लागत नाही, आणि उन्हाळाभर कुळथाची पिठी हा मोठा आधार असतो. कडधान्य दोन-तीन उन्हं चांगलं खडखडीत वाळवायचं, गार होऊ द्यायचं आणि मगच भरायचं, गरम गरम डब्यात भरलं की आतून घाम येतो आणि किडा लागतो. बियाण्याचं वेगळं काढून राखेत घोळवून ठेवायचं. दोडकी, पडवळ, भोपळा, काकडी यांचं बी वेलावर पूर्ण जून झालेल्या फळाचं, चुलीच्या वर माळ्याला टांगून ठेवलं की धुरामुळे कीड लागत नाही. विकतच्या पाकिटातलं बी आणायला हरकत नाही पण त्यातलं संकरित बी दुसऱ्या वर्षी तसंच उगवेल असं धरू नका.

ह्याच दिवसांत भात, म्हणजे सालासकटची साळ, उकडून घ्यायचं. आमच्याकडे सकाळी पेज लागतेच आणि पेज उकड्या तांदळाचीच चांगली. मोठ्या टोपात भात उकडायचं, साल जरा फुटायला लागली की काढून खळ्यात पसरायचं, अधूनमधून पाय फिरवून उलटं करायचं आणि मग गिरणीवर न्यायचं. उकडलेल्या तांदळाचा गिरणीत चुरा कमी होतो, हा पैशाचा फायदा लोक विसरतात. तुमच्या तांदळाचा हिशोब असा. पाच माणसं, पेज आणि दोन वेळ भात, म्हणजे वर्षाला साधारण पाचशे किलो तांदूळ. भाताचा तांदूळ वजनाच्या 65 टक्क्यांच्या आसपास उतरतो, म्हणजे पावणेआठशे किलो भात पाहिजे. हेक्टरी 3 टन धरलं तर गुंठ्याला 30 किलो, म्हणजे 26 गुंठे. तुमचा 30 गुंठ्यांचा मळा बियाणं धरून पुरतो, विकायला उरणार नाही, आणि उरवायचा हट्ट पण करू नका.

एप्रिल म्हणजे खोबरं, मिरची आणि पापड. जून झालेले नारळ आधी उतरवून ठेवायचे, फोडले की वाट्या पालथ्या-उलथ्या करत पाच-सहा कडक उन्हं द्यायची, रात्री आत घ्यायच्या, दव बसलं की खोबऱ्याला बुरशी येते आणि तेलाला वास मारतो. खोबरं वाटीतून सुटून आलं आणि तुकडा मोडताना कटकन आवाज आला की घाणीवर न्यायचं. चांगल्या खोबऱ्याचं वजनाच्या 60 टक्क्यांहून थोडं जास्त तेल निघतं, पेंड गायीला. आम्ही स्वयंपाकाला, डोक्याला, फणसाचे गरे तळायला सगळ्याला तेच वापरतो, त्यामुळे तेलाचा खर्च जवळजवळ शून्य. घरच्या उन्हाचा सगळ्यात मोठा मोबदला मला विचाराल तर खोबऱ्यात आहे, पापडात नाही.

पापडाबद्दल माझं मत जरा वेगळं आहे, सासूबाईंना पटत नाही पण सांगते. उडदाचे पापड घरी लाटायच्या भानगडीत पडू नका. उडीद विकतचा, पापडखार विकतचा, दोन दिवस चार बायकांची कंबर मोडते, आणि गावातल्या बचत गटाच्या बायका तेच पापड चांगले करून देतात, त्यांना चार पैसे मिळतात. घरचं घालायचं ते पोह्याची मिरगुंडं, तांदळाच्या फेण्या, कोहळ्याचे सांडगे, भरल्या मिरच्या, म्हणजे ज्याचा कच्चा माल घरचाच आहे. ते सुद्धा चाकरमानी आल्यावर घालायचं. मे महिन्यात मुंबईहून नणंदा, पुतणे, भाचरं सगळी येणार, तुम्ही स्वतः मुंबईकडचे त्यामुळे तुमच्याकडे तर जास्तच येतील, आणि आंबे खाऊन पंख्याखाली झोपतील. त्यांना पहिल्याच दिवशी सकाळी सहाला उठवून फेण्या घालायला बसवायचं, वाईट वाटून घेत नाहीत, उलट फोटो काढतात. पोरांना वाळवणाची राखण. काठीला काळं फडकं बांधलं किंवा काळी छत्री उघडी ठेवली तर कावळे येत नाहीत, कोंबड्यांना मात्र पोरगंच लागतं.

मसाल्याला मिरची विकतच आणावी लागते, इथल्या हवेत तेवढी होत नाही. बेडगी रंगाला, लवंगी किंवा संकेश्वरी तिखटाला, धणे आणि गरम मसाला. दोन-तीन कडक उन्हं, मग भाजून डंखावर (मसाला कुटायच्या गिरणीत) कुटून आणायचा, बरणीत दाबून भरायचा, वर हिंगाचा खडा आणि तोंडाला दादरा, म्हणजे फडकं बांधायचं. वर्षाचा मसाला एकदम करायला एकरकमी पैसे जातात, पण मसाला पाकिटाने आणायचा म्हटलं तर वर्षाला त्याच्या दुप्पट तरी जातात. सुकी मासळी पण एप्रिल-मेमध्येच घ्यायची, सुके बांगडे, जवळा, सोडे, गोलमा. 1 जूनपासून यांत्रिक होड्या बंद होतात आणि मग ताज्या मासळीला हात लावता येत नाही. घरी आणल्यावर परत एक ऊन द्यायचं, विकणारी बाई कितीही शपथा घेऊ दे. आणि खडेमीठ. शिरोड्याच्या मिठागरांचं मीठ, 1930 च्या मिठाच्या सत्याग्रहातलं तेच शिरोडा, आमच्याकडे पोत्याने येतं. पावसात खडेमीठ पाणी सोडतं, म्हणून टोपलीत ठेवून खाली भांडं ठेवायचं, ते पाणी फेकू नका, खारातल्या कैऱ्यांना चालतं.

आता रतांबे, कारण इथे सगळ्यात जास्त नुकसान होतं. जुन्या झाडांचे बरेचसे रतांबे मेच्या उत्तरार्धात पिकतात आणि पावसात सापडून कुजतात, झाडाखाली लाल चिखल होतो आणि बाजारात मात्र आपण आमसुलं विकत आणतो, हे चित्र घरोघरी आहे. त्यावर दोन उपाय. लांबचा उपाय म्हणजे नवीन झाडं लावताना दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची कोकण अमृता ही जात लावा, ती पावसाच्या आधी तयार होते. आणि कलमंच लावा, बियांपासून केलेली रोपं नकोत, कारण रतांब्यात नर झाड वेगळं, मादी वेगळं असतं, बियांची रोपं लावली तर निम्मी नर निघतात आणि ते सात-आठ वर्षांनी फुलल्यावर कळतं. जवळचा उपाय म्हणजे सगळ्या रतांब्यांची आमसुलं करायला जाऊ नका. आमसुलाला ऊन लागतं, आगळाला, म्हणजे रतांब्याच्या खारवलेल्या रसाला, लागत नाही. म्हणून जे मेच्या पंधरा तारखेच्या आत पिकतील त्यांची आमसुलं, नंतरच्यांचं आगळ. ही एवढी विभागणी केली की निम्मं फुकट जाणारं फळ वाचतं.

आमसुलं करताना रतांबे फोडून साली वेगळ्या, आतला गर आणि बिया वेगळ्या. गरात मीठ घालून ठेवायचं, त्याचं पाणी सुटतं, त्या पाण्यात साली रात्री बुडवायच्या आणि दिवसा वाळवायच्या. अशी चार-पाच पुटं बसली की साल जाड, काळपट आणि चिवट होते. बाजारात पातळ कडक आमसुलं दिसतात ना, ती एक-दोन पुटांची. आगळाला मात्र किलोभर फळाला दीडशे ग्रॅमच्या आसपास मीठ, मोठ्या बरणीत घालून आठवडाभर रोज लाकडी पळीने ढवळायचं आणि गाळून भरायचं. वर्ष सहज टिकतं, सोलकढीला ह्याच्यासारखं काही नाही. सरबतासाठी अमृत कोकम करायचं असेल तर सालींच्या वाट्यांमध्ये साखर भरून बरणी उन्हात, सालींच्या दुप्पट साखर जाते म्हणून आम्ही पाहुण्यांपुरतंच करतो. ह्यातलं काहीही अॅल्युमिनियमच्या भांड्यात ठेवू नका, आंबट आणि मीठ मिळून भांडं खातं, चिनी मातीची बरणी किंवा खाण्याच्या प्रतीचा प्लॅस्टिकचा ड्रम. बिया धुऊन वाळवा, पावसाच्या तोंडावर कुटून पाण्यात उकळल्या की वर मुठेल, म्हणजे कोकमाचं तेल येतं, ते थिजलं की गोळे करून ठेवायचे, चिखलात भेगा पडलेल्या पायांना दुसरं काही लागत नाही.

आंब्याचं सोपं आहे, हापूस विकायचा आणि रायवळ खायचा. तुमच्याकडे हापूसची दोन-चार झाडं असतील तर पेट्या ओळखीच्या लोकांना थेट द्या, दलालाकडे एवढ्याशा मालाला कोणी विचारत नाही. साठाला तर रायवळच बरा, रस पातळ आणि आंबटगोड, ताटाला तूप लावून पातळ थर, वाळला की दुसऱ्या दिवशी वरून दुसरा. हा पण उन्हाचा धंदा आहे, म्हणून पहिल्या उतरणीचं साठं करायचं आणि नंतरचा रस आटवून ठेवायचा, तो चुलीवर होतो. कैऱ्या वाऱ्याने पडल्या की आंबोशी, म्हणजे फोडी मीठ लावून वाळवायच्या, आणि बारक्या कैऱ्या अख्ख्या खारात टाकायच्या. पावसात पेजेबरोबर खारातली कैरी आणि चुलीत भाजलेला सुका बांगडा असला की भाजी नाही म्हणून कोणी कुरकुरत नाही.

फणसात बरका (मऊ गऱ्याचा) असेल तर सांदणं आणि फणसपोळी, कापा (कडक गऱ्याचा) असेल तर गरे तळायचे, आणि कच्च्या काप्याचे गरे मिठात घालून ठेवायचे, आषाढात भाजीला निघतात. आठळ्या धुऊन सावलीत सुकवून मातीचा हात द्यायचा आणि कोपऱ्यात ढीग, श्रावणापर्यंत भाजीत, आमटीत, निखाऱ्यावर भाजून. चारखंडं, म्हणजे फणसाची साल-चोथा, गायीला. एक फणस उतरवला की अर्धा दिवस जातो हे मात्र खरं, विळीला आणि हाताला खोबरेल लावायला विसरू नका.

तुम्ही जोडधंद्याचं विचारलं होतं ना, तर रोख पैसा ह्या घरात काजूतून येतो. मार्चपासून मेपर्यंत रोज सकाळी झाडाखाली पडलेली बी गोळा करायची, बोंडू पिळून काढायचा, दोन-तीन उन्हं देऊन पोत्यात. बोंडू गुरं खातात, आपण पण खातो. भाव वर्षावर्षाला बदलतो आणि हंगामाच्या मध्यावर पडतो, म्हणून नीट वाळवून थांबता आलं तर थांबावं, ओल्या बीला व्यापारी वजनात कापतो. भरडावर नवीन लावणार असाल तर वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रातल्या जाती आहेत, वेंगुर्ला 4 आणि वेंगुर्ला 7 इथे सगळीकडे दिसतात, 7 ची बी मोठी. घरी बी फोडायची हौस असेल तर हाताला तेल किंवा राख लावल्याशिवाय नको, टरफलातला चीक कातडी जाळतो, लहान मुलांना तर अजिबात देऊ नका. मुलांनी बी वेचायची, त्यांच्या वाट्याची वेगळी पिशवी ठेवायची, शाळेच्या वह्या-दप्तराचे पैसे त्यातून निघतात. करवंदं, जांभळं, अळू (रानातलं फळ) ह्यांच्या मागे दिवसभर रानात फिरतील ते वेगळं, दुपारच्या खाऊचा प्रश्न त्यांचा ते सोडवतात.

दिवस कसा जातो म्हणाल तर साडेचार-पाचला उठायचं, उजाडायच्या आत झाडाखालचं वेचणं, पाणी, गोठा, मग वाळवण पसरायचं. दहाच्या पुढे उन्हात राबायचं नाही, इथलं ऊन नागपूरसारखं 45 ला जात नाही पण हवेत पाणी असतं, घाम सुकत नाही आणि माणूस आतून गळून जातो. दुपारी ओटीवर बसून फोडणं, सोलणं, निवडणं, मग जरा पडायचं. चारनंतर वाळवण गोळा करून परत पाणी. जेवण साधं, पेज, पिठी-भात, काजूगराची उसळ, शेगलाच्या (शेवग्याच्या) पाल्याची भाजी, कुयरीची (कोवळ्या फणसाची) भाजी, ताक नाहीतर सोलकढी. एप्रिल-मेमध्ये आम्ही बाजारातून भाजी आणतच नाही म्हटलं तरी चालेल.

पाण्याचं बघा, कारण विहीर असली तरी मे महिन्यात तळ दिसतो. मोठ्या माडाला उन्हाळ्यात दिवसाला साधारण 40 लिटर पाणी लागतं, दहा माड म्हणजे 400 लिटर, घरात पाच माणसं आणि गुरं वेगळी. म्हणून आळ्यात नारळाची सोडणं (वरची तंतूंची सालं) पुरायची, वर पातेऱ्याचा, म्हणजे सुक्या पानांचा जाड थर, न्हाणीचं पाणी केळींना आणि अळवाला, ते नळीने थेट. ओढा जवळ असेल तर डिसेंबरमध्येच चार घरांनी मिळून मातीच्या गोणींचा बंधारा घालायचा, विहिरीला त्याचा फरक मेमध्ये दिसतो. गाळ काढायचा तो मेच्या पहिल्या आठवड्यात, पाणी सगळ्यात खाली असताना. उतरायच्या आधी पेटता कंदील दोरीने खाली सोडायचा, विझला तर कोणी उतरायचं नाही, आणि डिझेल पंप आत ठेवून चालवला असेल तर तो धूर जाईपर्यंत तर नाहीच.

मेचे शेवटचे दिवस छपराला आणि लाकडांना. कौलं चाळून घ्यायची, फुटकी बदलायची, आता माणूस मिळत नाही म्हणून मार्चमध्येच सांगून ठेवा, आणि माकडांनी परत फोडली तर म्हणून शंभरेक कौलं जास्तीची ठेवा. पावसाच्या बाजूच्या भिंतीला झावळ्यांची झापं विणून लावायची, मातीची भिंत असेल तर त्याशिवाय पर्याय नाही. लाकडं फोडून पडवीत रचायची, करवंट्या, सोडणं, पिड्या (झावळीचे जाड देठ), शेणी वेगळ्या, पहिल्या पावसाने भिजली की चार महिने डोळ्यांत धूर. गोबर गॅस चांगला आहे पण 2 घनमीटरच्या प्लांटला रोज 50 किलो शेण लागतं, म्हणजे चार-पाच गुरं. एका गायीवर बसवून देतो म्हणणारा भेटला तर चहा देऊन परत पाठवा. आणि रोहिणी नक्षत्र लागलं, म्हणजे 25 मेच्या सुमारास, की धूळवाफेवर, म्हणजे पावसाआधी कोरड्या मातीत, भाताची पेरणी, त्याच दिवसांत हळद, सुरण, करांदे जमिनीत. सुरणाला रानडुकराची भीती आहे, हळदीला माकड किंवा डुक्कर सहसा लागत नाही, त्यामुळे कुंपण नसलेल्या कडेला हळद लावा.

विकत काय लागतं ते प्रामाणिकपणे सांगते, कारण स्वयंपूर्ण म्हटलं की लोकांना वाटतं दुकानाची पायरीच चढायची नाही. तूरडाळ, गहू, साखर, गूळ, चहापावडर, मिरची, कांदे-बटाटे, साबण, गोडेतेल थोडं, गॅसचा सिलिंडर वर्षाला दोन-तीन, औषधं, वीज, फोन, शाळा, गाडीचं पेट्रोल. कांदे मेमध्ये माळा करून टांगले तर गणपतीपर्यंत जातात. पण डाळ आणि गहू पिकवायला जाऊ नका, इथलं हवामान त्याचं नाही, त्या वेळात काजूची दोन पोती वाढली तर वर्षाची डाळ येते.

फ्रीझर घेऊ नका. आमच्याकडे पावसात लाइट जाते ती कधी दोन तासांनी येते कधी दोन दिवसांनी, तौक्तेच्या वेळी तर काही वाड्यांमध्ये कितीतरी दिवस आली नव्हती, आणि फ्रीझरमध्ये ठेवलेला रस, मासे, काजूगर सगळं एकदम जातं, ते पण अशा वेळी जेव्हा परत करायला ऊन नसतं. त्या पैशांत पारदर्शक प्लॅस्टिकचा वाळवणाचा बोगदा करून घ्या, बांबूवर घरच्या घरी होतो, दोन्ही टोकांना जाळी आणि आत फळीचे रॅक. वळवाची सर आली तरी पळापळ नाही, कावळा नाही, धूळ नाही, आणि ढगाळ हवेत सुद्धा आत बऱ्यापैकी तापतं, आमची आमसुलं त्याच्यात होतात. इन्व्हर्टर घ्यायचाच असेल तर दिवे आणि मोबाइलपुरता छोटा घ्या. आणि विहिरीवर पंप असला तरी कप्पी आणि दोर लावून ठेवा, दोर सुंभाचा नको, नायलॉनचा, तो पावसात कुजत नाही.